रात्रीचा फोटो आणि दिव्यांची दादागिरी

पाटोद्याला ‘सिटी’ म्हटलं की बीडवाले हसतात, आणि बीडला सिटी म्हटलं की पुण्या-मुंबईचे हसतात. तो वाद आपण मेसच्या टेबलासाठी राखून ठेवू. पण रात्रीच्या फोटोच्या बाबतीत पाटोद्याचा बाजार हा मुंबईच्या फोर्टपेक्षा अवघड पेपर आहे, हे मी छातीठोकपणे सांगू शकतो.

कारण साधं आहे. मुंबईत एका दिव्याची सावली जिथे पडते तिथे दुसऱ्या दिव्याचा उजेड पोचलेला असतो. आभाळसुद्धा पूर्ण काळं नसतं. आपल्याकडे एखाद्या मोबाईल शॉपीचा एलईडी बोर्ड डोळे दिपवत असतो, शेजारची तीन दुकानं शटर ओढून झोपलेली असतात, आणि त्यांच्या मागे सरळ बालाघाटचा अंधार सुरू होतो. एकाच फ्रेममध्ये इतका भडक उजेड आणि इतका गच्च काळोख! मोबाईल गोंधळतो आणि नेहमीचा निकाल लागतो : बोर्डाच्या जागी पांढराफटक आयत, दिव्याभोवती धुरकट गोळा, आणि दुकानदार कुठे होता ते शोधावं लागतं.

बरेच जण यावर ‘कॅमेरा भारी पाहिजे’ असं म्हणून मोकळे होतात. कॅमेरा भारी असला तर बरंच, पण मुख्य रोग वेगळा आहे. आपण रात्री अंधाराचा फोटो काढायला जातो, अंधार उजळवायच्या मागे लागतो, आणि त्या नादात उजेड हातचा जातो. रात्रीचा फोटो उजेडाकडे बघून काढायचा असतो. अंधाराला अंधार राहू द्यावा.

आधी थोडं गणित

आपण इंजिनिअरिंगवाले, त्यामुळे आकडे मांडल्याशिवाय पटणार नाही. ९ वॉटचा साधा एलईडी बल्ब घ्या. खोक्यावर साधारण ९०० ल्युमेन लिहिलेलं असतं. हा उजेड बल्बच्या होल्डरकडची बाजू सोडून बाकी दिशांना पसरतो असं धरलं तर समोरच्या दिशेला ९०-१०० कँडेला तीव्रता मिळते. बल्बच्या गोळ्याचा व्यास ६ सेंटीमीटर धरा, म्हणजे समोरून दिसणारं क्षेत्रफळ सुमारे २८ चौरस सेंटीमीटर, म्हणजेच ०.००२८ चौरस मीटर. भागाकार केला की बल्बच्या पृष्ठभागाची चकाकी दर चौरस मीटरला ३० हजार कँडेलाच्या पुढे जाते. आता बऱ्यापैकी दिवे असलेल्या रस्त्याच्या डांबराची चकाकी किती? साधारण १ कँडेला. म्हणजे गुणोत्तर झालं तीस हजारास एक.

फोटोग्राफीत उजेड दुप्पट झाला की त्याला एक ‘स्टॉप’ म्हणतात. दोनाचा पंधरावा घात ३२,७६८ होतो, म्हणजे बल्ब आणि रस्ता यांच्यात जवळजवळ १५ स्टॉपचं अंतर आहे. चांगला डीएसएलआर किंवा मिररलेस कॅमेरा एका फोटोत १२ ते १४ स्टॉप पकडतो, तेही कमी आयएसओवर. मोबाईलचा छोटा सेन्सर त्याच्याही बराच मागे राहतो. आणि हा हिशोब दिवे असलेल्या रस्त्याचा आहे. आपल्या गल्लीतल्या बंद शटरांचा धरला तर आणखी चार-पाच स्टॉप सहज वाढतील.

थोडक्यात काय, सगळं एका फोटोत मावणार नाही हे आधीच ठरलेलं आहे. कुठली बाजू सोडायची एवढंच आपल्या हातात उरतं.

टँकर आणि घागरी

सेन्सरमध्ये काय होतं ते समजायला आपल्या जिल्ह्यातल्या पोराला वेगळी उपमा नको. टँकर आला की घागरी कशा रांगेत लागतात ते आठवा. सेन्सरवरचा प्रत्येक पिक्सेल ही एक घागर. शटर उघडं असेपर्यंत प्रकाशकण पडतात आणि घागरीत इलेक्ट्रॉन साठतात. मोबाईलच्या पिक्सेलची घागर काही हजार इलेक्ट्रॉनांची, मोठ्या कॅमेऱ्याची काही दहा हजारांची. घागर काठोकाठ भरली की पुढचं पाणी वाहून जातं. नंतर कितीही डोकं लावलं तरी त्या घागरीत एक घागर पाणी पडलं होतं की दहा घागरी, हे कळणार नाही. यालाच फोटोग्राफर ‘हायलाइट क्लिप झाले’ किंवा ‘बर्न झाले’ म्हणतात. गडद भागात थोडं का होईना पाणी असतं, ते सॉफ्टवेअरने वर ओढता येतं. जळालेल्या भागात मात्र माहितीच नसते. म्हणून गडद फोटो वाचवता येतो, जळालेला नाही.

पुढची गंमत रंगांची. घागरी तीन प्रकारच्या असतात : लाल, हिरव्या, निळ्या. ब्राइस बायर या कोडॅकच्या शास्त्रज्ञाच्या रचनेचं पेटंट १९७६ चं आहे, आणि आजही बहुतेक सगळ्या सेन्सरांवर तीच जाळी किंवा तिचा एखादा प्रकार असतो. दोन हिरव्या, एक लाल, एक निळी. आता पिवळ्या सोडियम दिव्याचा फोटो काढला की लाल घागरी आधी भरतात. लाल अडकली, हिरवी अजून वाढतेच आहे, त्यामुळे नारिंगी उजेड फोटोत लिंबासारखा पिवळा होतो, आणि हिरवीही भरली की पांढराच्या दिशेने जातो. लाल एलईडीच्या बोर्डावरची अक्षरं फोटोत गुलाबी-पांढरी का होतात, त्याचं उत्तरही हेच. म्हणून कॅमेऱ्यात हिस्टोग्राम बघायचा तर तिन्ही रंगांचा वेगवेगळा बघा. एकत्र हिस्टोग्राम ‘सगळं ठीक आहे’ म्हणत असतो आणि लाल रंग कधीच भिंतीला जाऊन चिकटलेला असतो.

रॉ फाईलची शिफारस सगळेच करतात, पण का ते सहसा सांगत नाहीत. जेपेग म्हणजे आठ बिट, २५६ पायऱ्या. १४ बिटच्या रॉमध्ये १६,३८४ पायऱ्या, आणि त्यातल्या ८,१९२ एकट्या सगळ्यात वरच्या स्टॉपला मिळतात. म्हणजे रॉमध्ये उजळ भागाला सर्वांत जास्त बारकावे असतात. शिवाय कॅमेऱ्याने जेपेग बनवताना जो भाग पांढरा करून टाकला, त्यातला थोडाफार रॉमध्ये परत मिळतो. थोडाफारच, बरं का. रॉ आहे म्हणून बेफिकीर राहिलात तर रॉसुद्धा वाचवणार नाही.

काय जळू द्यायचं?

कॅमेऱ्याचा लाईट मीटर अगदी बाळबोध असतो. समोरचं दृश्य सरासरीने मध्यम राखाडी आहे अशी त्याची समजूत. रात्री फ्रेमचा बहुतांश भाग काळा, त्यामुळे तो म्हणतो, ‘अरे, फारच अंधार आहे, वाढवा एक्स्पोजर.’ रात्र संध्याकाळसारखी दिसायला लागते आणि सगळे दिवे जळतात. आजकालच्या मीटरांना थोडी अक्कल आलीय, पण रात्री अजूनही ते वाढवायच्याच बाजूने चुकतात.

यावर पहिला उपाय म्हणजे एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन उणे करणं. रस्त्याच्या दृश्याला उणे एकपासून सुरुवात करा, फ्रेममध्ये बोर्ड असेल तर उणे दोन. मोबाईलवर स्क्रीनवरच्या उजळ भागावर बोट ठेवा, म्हणजे तिथलं एक्स्पोजर धरलं जातं. बहुतेक फोनमध्ये बोट दाबून ठेवलं की ते लॉक होतं. मग शेजारी जे सूर्याचं चिन्ह येतं ते खाली ओढा. बोर्डावरची अक्षरं वाचता यायला लागली की थांबा.

पण थांबायचं कुठे, हा खरा प्रश्न आहे आणि त्याला यंत्राकडे उत्तर नाही. माझा नियम असा : दिवा स्वतः जळाला तर चालेल, दिव्याने जे उजळलंय ते जळता कामा नये. बल्बचा गोळा पांढरा आला तर कोणाची तक्रार नसते, डोळ्यालाही तो पांढराच दिसतो. पण त्या बल्बखाली चहा ओतणाऱ्या माणसाचा हात, कढईतल्या तेलावरची चमक, कपड्याच्या दुकानातल्या साडीचा काठ, बोर्डावरचं नाव, हे गेलं तर फोटोत उरलं काय? उलट बल्ब वाचवायला उणे पाचवर जाल तर चहावाला अंधारात बुडेल. आणि गडद भाग ओढून वर काढायलाही किंमत पडते. १०० इलेक्ट्रॉनांच्या घागरीत प्रकाशाचीच नैसर्गिक चढउतार १० ची असते, म्हणजे दहा टक्के. दहा हजारांच्या घागरीत ती १०० ची, म्हणजे एकच टक्का. कमी पाण्याच्या घागरी वर ओढल्या की तो खरखरीत कण दिसतोच. तेव्हा हायलाइट सांभाळायचे, पण कंजूषपणा करायचा नाही.

ब्रासाय नावाचा फोटोग्राफर १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला रात्रभर पॅरिसच्या रस्त्यांवर हिंडायचा. काचेच्या प्लेटा, लाकडी ट्रायपॉड, आणि एक्स्पोजर मोजायला सिगारेट : एका ब्रँडची सिगारेट संपेपर्यंत शटर उघडं ठेवायचं, जास्त अंधार असेल तर दुसऱ्या, जाड सिगारेटीएवढं. (हॉस्टेलवाल्यांनी यातला मोजण्याचाच भाग घ्यावा.) त्याच्यापुढेही आपलीच अडचण होती. मग तो रस्त्यावरचा दिवा झाडाच्या किंवा खांबाच्या आड येईल असा उभा राहायचा. दिवा दिसत नाही, त्याचा उजेड मात्र ओल्या फरशांवर पसरलेला दिसतो. धुकं आणि पाऊस त्याला फार आवडत, कारण ओला रस्ता उजेड परावर्तित करतो आणि काळोख आपोआप हलका होतो. पाटोद्यात धुकं क्वचित, पण पाऊस पडून गेल्यावर स्टँडसमोरचा रस्ता रात्री आठ वाजता जाऊन बघा. एरवी न मावणारं दृश्य त्या रात्री मावतं.

आपली वीस मिनिटं

रात्रीचे म्हणून जे सुंदर फोटो आपण बघतो, त्यातले बरेच रात्रीचे नसतात. ते सूर्य मावळल्यावर लगेच काढलेले असतात. दिवे लागलेत, आभाळ अजून गर्द निळं आहे, आणि दोघांच्या उजेडात दोन-तीन स्टॉपचाच फरक उरलाय, अशी वेळ. इंग्रजी पुस्तकं तिला ब्लू अवर म्हणतात. आपल्याकडे तो अवर नसतो, हे मात्र त्या पुस्तकांत नसतं.

हिशोब करा. सूर्य तासाला १५ अंश फिरतो. पाटोदा सुमारे १९ अंश उत्तरेला, त्यामुळे तो क्षितिजाखाली बऱ्यापैकी सरळ उतरतो, तासाला साधारण १४ अंश. सूर्य सहा अंश खाली जाईपर्यंतच्या वेळेला नागरी संधिप्रकाश म्हणतात, तो आपल्याकडे २२ ते २४ मिनिटांत आटपतो. लंडनमध्ये हाच काळ अर्ध्या तासाच्या पुढे जातो, जूनमध्ये पाऊण तासाच्या आसपास. म्हणजे तिकडच्या पुस्तकाच्या भरवशावर चहा पीत बसलात तर इकडे आभाळ काळं होऊन गेलेलं असेल. सूर्यास्तानंतरच्या पंधराव्या मिनिटापासून तिसाव्या मिनिटापर्यंत, एवढाच आपला वर्ग. जागा आधी ठरवून ठेवा, ट्रायपॉड लावून ठेवा. (ट्रायपॉड नसेल तर ज्वारीची किलोभराची पिशवी कठड्यावर ठेवून त्यात कॅमेरा रुतवा, उत्तम बसतो. सेल्फ टायमर दोन सेकंदांचा.)

बीडच्या कंकालेश्वर मंदिरासाठी हीच वेळ सांगेन. मंदिर पाण्याच्या कुंडात उभं आहे, त्यामुळे उजळलेला दगड, निळं आभाळ आणि दोन्हींचं प्रतिबिंब असं सगळं एकाच एक्स्पोजरमध्ये बसू शकतं. तासाभराने तेच पाणी काळं दिसतं.

कोजागिरीलाही हीच गोष्ट लागू पडते. गच्चीवर मसाला दूध आटवताना दरवर्षी सगळे चंद्राचा फोटो काढतात आणि दरवर्षी पांढरा ठिपका येतो. चंद्रावर ऊन पडलेलं असतं हे आपण विसरतो. पूर्ण चंद्राला आयएसओ १०० वर एफ/११ आणि १/१०० सेकंद पुरतं, म्हणजे जवळजवळ दिवसाचंच एक्स्पोजर. ॲन्सेल ॲडम्सने १९४१ मध्ये न्यू मेक्सिकोत एका खेड्यावर उगवलेल्या चंद्राचा जगप्रसिद्ध फोटो काढला, तेव्हा त्याला लाईट मीटर सापडेना. चंद्राची चकाकी दर चौरस फुटाला २५० कँडल असते हे त्याला पाठ होतं, त्यावरून त्याने तोंडी हिशोब केला. सूत्र पाठ असण्याचा व्हायव्हाव्यतिरिक्त उपयोग झाल्याचं हे मला माहीत असलेलं उत्तम उदाहरण. आपल्याला चंद्र आणि हॉस्टेल एकाच फोटोत हवं असेल तर पौर्णिमा सोडून चतुर्दशीला गच्चीवर जा. त्या दिवशी चंद्र सूर्यास्ताच्या आधीच वर आलेला असतो आणि आभाळ, इमारत, चंद्र तिघांचं थोडं तरी जमतं.

बोर्ड अर्धाच का येतो?

हे थोडक्यात. दुकानांवर जे सरकत्या अक्षरांचे बोर्ड असतात ते आपल्या प्रोजेक्टमधल्या पी-१० पॅनेलचेच भाऊबंद. त्यात सगळ्या ओळी एकदम पेटत नाहीत, पाळीपाळीने पेटतात. डोळ्याला कळत नाही, १/१००० सेकंदाच्या शटरला कळतं, आणि बोर्ड पट्ट्यापट्ट्यांचा येतो. साधे दिवेसुद्धा ५० हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतात. म्हणून हायलाइट कमी करायला शटर वेगवान करू नका. १/५० किंवा त्याहून सावकाश ठेवा, आणि आयएसओ उतरवा किंवा छिद्र बारीक करा. मोबाईलमध्ये छिद्र सहसा बदलत नाही, तेव्हा प्रो मोडमध्ये जाऊन आयएसओच.

छिद्र बारीक केलं की दिव्यांना चांदणीसारखे किरण फुटतात. पात्यांची संख्या सम असेल तर तेवढेच किरण, विषम असेल तर दुप्पट. सात पात्यांच्या लेन्सला चौदा. इंडस्ट्रियल व्हिजिटला मुंबईला गेलात आणि मलबार हिलवरून मरीन ड्राइव्हचा फोटो काढलात तर हे मोजून बघा. तिथले पिवळे सोडियम दिवे काढून २०१५ मध्ये पांढरे एलईडी लावले, तेव्हा ‘राणीच्या हारा’चा रंगच गेला म्हणून मोठी ओरड झाली. प्रकरण उच्च न्यायालयात गाजलं आणि पुढे पिवळसर उजेड परत आला. दिव्याचा रंग ही फक्त फोटोवाल्यांची हौस आहे असं म्हणणाऱ्यांना हे सांगावं.

आणि हो, दिव्याभोवतीचा धुरकट गोळा बहुतेक वेळा ना सेन्सरचा दोष असतो ना लेन्सचा. तो भेळ खाल्लेल्या बोटाचा असतो. मोबाईलची काच सुती कापडाने पुसा. कॅमेऱ्याला स्वस्तातला यूव्ही फिल्टर लावलेला असेल तर रात्रीपुरता काढून ठेवा, त्यातून दिव्यांची हिरवी भुतं उमटतात.

हेडलाईटसमोरची माणसं

आता ज्या फोटोसाठी हा सगळा लेख लिहायला घेतला त्याच्याकडे येतो.

दसरा-दिवाळीच्या सुमाराला आपल्या भागातून ऊसतोडीला माणसं निघतात. कोणी सांगली-कोल्हापूरकडे, कोणी कर्नाटकात. मुकादमाची उचल घेतलेली असते, ट्रक किंवा ट्रॅक्टर गावात येऊन उभा राहतो, आणि भांडीकुंडी, सरपण, शेळ्या, लेकरं असं सगळं चढवता चढवता अंधार पडतो. आपल्या हॉस्टेलमधल्या ज्यांचे आई-वडील कोयत्याला जातात त्यांना हे वर्णन करून सांगायची गरज नाही. निघताना कोणीतरी म्हणतं, ‘ये पोरा, एक फोटो काढ.’ सगळे ट्रॅक्टरसमोर उभे राहतात, कारण तिथेच उजेड असतो. फोटोत दोन पांढरे सूर्य येतात आणि त्यांच्यामध्ये काळ्या आकृत्या. त्यातली आई कोणती हे फक्त उंचीवरून ओळखायचं. मग पुढचे पाच-सहा महिने मोबाईलच्या वॉलपेपरवर तेच.

इतर फोटो चुकले तर उद्या परत काढता येतात. हा फोटो पुन्हा वर्षानेच. म्हणून याची तयारी आधीच करा.

हेडलाईट थेट कॅमेऱ्याकडे बघत असेल तर कुठलंही सेटिंग पुरं पडणार नाही. बल्बचं गणित आपण वर केलं. हेडलाईट तर सगळा उजेड एकाच दिशेला फेकतो, त्याच्यासमोर बल्ब म्हणजे पणती. तेव्हा सगळ्यात स्वस्त आणि खात्रीचा उपाय म्हणजे ड्रायव्हरला विनंती करणं, ‘मामा, दोन मिनिटं लाईट बंद करा की.’ कोणी नाही म्हणत नाही. मग ओट्यावरचा किंवा शेजारच्या दुकानातला बल्ब चेहऱ्यावर येईल असं घरच्यांना उभं करा.

दुसरा कुठलाच उजेड नसेल तर हेडलाईटच वापरायचा, पण त्याच्याकडे न बघता. माणसांना ट्रॅक्टरच्या पुढे दहा-पंधरा पावलांवर, उजेडाच्या झोताच्या कडेला उभं करा आणि तुम्ही ट्रॅक्टरच्या बाजूला या, म्हणजे दिवे तुमच्या फ्रेमच्या बाहेर राहतील आणि उजेड बाजूने चेहऱ्यावर पडेल. कडेचा उजेड झोताच्या मधल्यापेक्षा पुष्कळ मऊ असतो. डोळेही मिटत नाहीत. ट्रॅक्टर फोटोत हवाच असेल तर ब्रासायची युक्ती : दिवा कोणाच्या तरी पाठीमागे लपवा. वडिलांच्या खांद्याआड हेडलाईट गेला की फेट्याच्या, पदराच्या कडेने उजेडाची रेघ उमटते. मग पुढून चेहऱ्यासाठी मित्राच्या मोबाईलचा टॉर्च, त्यावर पांढरा रुमाल दुहेरी करून, हात-दोन हात वर आणि थोडा बाजूला. नुसता टॉर्च तोंडावर मारलात तर कपाळ आणि नाक जळेल. रुमालाने दिव्याचं क्षेत्रफळ वाढतं, उजेड पसरतो.

स्क्रीनवर बोट चेहऱ्यावर ठेवा, लॉक करा, आणि तिथून किंचित खाली ओढा. चेहऱ्याच्या उजळ बाजूला कातडीचा रंग दिसला पाहिजे. मागचा सगळा संसार अंधारात गेला तरी हरकत नाही. खरं म्हणजे थोडा दिसतोच : हंड्याची कड, ताडपत्रीची एखादी घडी. त्याच जागेवरून पाच-सहा फोटो काढा, कारण अशा वेळी कोणीतरी डोळे पुसत असतं, कोणीतरी लेकराला हाक मारत असतं. आणि दुसऱ्या कोणाच्या घरच्यांचा असा फोटो काढायचा तर आधी विचारा. निघण्याची घाई आणि जड झालेलं मन, हे काही आपल्या प्रदर्शनासाठी मांडून ठेवलेलं नसतं.

तीन फोटोंचा एक फोटो

‘पण मोबाईलमध्ये एचडीआर असतो ना?’ असतो, आणि तो कसा आला हे वाचण्यासारखं आहे. कमी, मध्यम, जास्त अशा एक्स्पोजरचे फोटो काढून त्यातून खरी प्रकाशमात्रा परत काढायची, यावर स्टीव्ह मॅन आणि रोझलिंड पिकार्ड यांनी १९९५ मध्ये, तर पॉल डेबेवेक आणि जितेंद्र मलिक यांनी १९९७ मध्ये पेपर लिहिले. २००० मध्ये श्री नायर आणि मित्सुनागा यांनी वेगळीच कल्पना मांडली : शेजारशेजारच्या पिक्सेलनाच वेगवेगळं एक्स्पोजर द्यायचं. म्हणजे रांगेतल्या काही घागरींची तोंडंच अरुंद करून ठेवायची. त्यातले मलिक आणि नायर हे दोघेही भारतात शिकून पुढे गेलेले, हे जाता जाता.

गूगलच्या संशोधकांनी २०१६ च्या पेपरमध्ये मात्र तीन वेगळ्या एक्स्पोजरचा नाद सोडला. त्यांनी बरेच फोटो एकाच, मुद्दाम कमी ठेवलेल्या एक्स्पोजरने काढले, म्हणजे हायलाइट जळणारच नाहीत, आणि ते एकमेकांवर बसवून सरासरी घेतली. नऊ फोटोंची सरासरी घेतली की खरखर तिपटीने कमी होते, वर्गमुळाचा साधा नियम. मग गडद भाग बिनधास्त वर उचलायचा. म्हणजे ‘आधी उजेड वाचवा, अंधाराचं नंतर बघू’ हे आता फोनच्या आतच लिहिलेलं असतं.

तरी फोनवर सगळं सोडू नका. नाईट मोड चालू असताना माणूस हलला की त्याचं भूत होतं. शिवाय काही फोन रात्रीला इतकं उजळवतात की पाटोद्याचा बाजार दुपारी चारचा वाटायला लागतो. नाईट मोडमध्येही सूर्याचं चिन्ह खाली ओढता येतं, ओढा. ट्रायपॉडवर कॅमेरा असेल तर स्वतःच तीन फोटो काढा, शून्य, उणे दोन, उणे चार, आणि कॉम्प्युटरवर जोडा. आणि जोडताना हायलाइटचा स्लायडर पार तळाला नेऊ नका. जळालेल्या पांढऱ्याला खाली ओढलं की त्यात तपशील येत नाही, तो फक्त मळकट राखाडी होतो, धुतलेल्या पण नीळ न घातलेल्या शर्टासारखा. त्यापेक्षा पांढराच बरा.

सराव म्हणून एक काम करा. स्टँडजवळ एखादी चहाची गाडी गाठा, तिच्या बल्बपासून चार पावलांवर उभे राहा, आणि चहावाल्याला विचारून एकाच जागेवरून शून्य, उणे एक, उणे दोन, उणे तीन असे चार फोटो काढा. तिथल्या तिथे त्यातला चांगला कोणता हे ठरवू नका, कारण अंधारात मोबाईलची स्क्रीन फार उजळ वाटते आणि गडद फोटोही चांगला भासतो. दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटर लॅबमध्ये दिवसाउजेडी मॉनिटरवर चारही शेजारी शेजारी लावा. मग पाहा, चहाच्या धारेचा रंग कोणत्या फोटोत आहे.